माथेरानच्या एका घराची झालर: पश्चिमेची गळती नेमकी कुठून येत होती

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "अगं, कौलं तीनदा बदलून झाली, तरी पश्चिमेच्या खोलीत पातेलं मांडावंच लागतंय. तू एकदा येऊन बघ." काकूंच्या सासऱ्यांनी हे घर घेतले तेव्हाही ते जुनेच होते. जांभ्याच्या भिंती, पुढे व्हरांडा, वर दुपाखी मंगळुरी कौलांचे छप्पर. घराची रुंदी वीस फूट. माथेरानमध्ये असली पन्नास घरे तरी दाखवता येतील. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी या डोंगराची वाट चढून पाहिली आणि पुढच्या काही दशकांत इथे बंगले उभे राहत गेले. त्या बंगल्यांचे कारागीर इथलेच होते, छपराच्या कडांचे नमुने मात्र विलायतेहून आले.

हे प्रकरण त्या कडांचेच आहे, म्हणून आधी ती जागा नीट सांगते. दुपाखी छपराच्या दोन बाजूंना वळचण असते, तिथून पागोळ्या पडतात. उरलेल्या दोन बाजूंना भिंत त्रिकोणी होत आढ्यापर्यंत चढते आणि छपराची कड तिच्या अंगाने तिरपी उतरते. या तिरप्या कडेला जी फळी ठोकतात तिला इंग्रजीत बार्जबोर्ड म्हणतात. आमच्या सुतारांच्या तोंडी ती झालर. नाव ऐकले की ती शोभेची वस्तू आहे असेच कुणालाही वाटते. काकूंच्या घराला गळती लागली ती या समजुतीमुळेच.

तीन वर्षांपूर्वी पश्चिमेकडची जुनी झालर उतरवली होती. तिचे बरेच दाते तुटले होते, रंगाचे पोपडे सुटले होते, खालून बघताना ती तोंडातल्या पडक्या दातांसारखी दिसायची. ज्या ठेकेदाराकडे काम दिले त्याने तिच्या जागी प्लायची सरळ, पाच इंच रुंद पट्टी ठोकली आणि वर तैलरंगाचे दोन हात दिले. काम दोन दिवसांत संपले. दिसायलाही बरे दिसत होते. पहिल्याच पावसात पश्चिमेच्या खोलीत, भिंतीपासून दीड-दोन फूट आत, थेंब पडू लागले.

थेंब आतल्या बाजूला पडतो म्हणजे वरचे कौल फुटले, असे सगळ्यांनी धरले. कौले बदलली. पुढच्या वर्षी पुन्हा बदलली, कडेची कौले सिमेंटच्या मालात बसवली. तिसऱ्या वर्षी कौलांखाली डांबरी कागद घातला आणि नव्याने कौले चढवली. तीन वर्षांच्या या खटाटोपाला जो खर्च झाला तो आम्ही पुढे झालरीवर केलेल्या खर्चाच्या जवळपास पाऊणपट होता. पैशापेक्षा मला वाईट वाटले ते जुन्या कौलांचे. बदललेली बहुतेक कौले धडधाकट होती. मागच्या अंगणात त्यांची चवड रचलेली होती. एकेक कौल उचलून बोटाने वाजवले तर खणखणीत आवाज येत होता.

मी गेले त्या दिवशी पाऊस धरून होता. माथेरानचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. तो वरून जेवढा पडतो तेवढाच समोरून येतो. पश्चिमेच्या कड्यावरून वारा वर चढतो आणि पाण्याचे तुषार खालून वर फेकतो. छपराचा सगळा हिशोब वरून पडणाऱ्या पाण्याचा असतो, त्रिकोणी भिंतीच्या कडेला मात्र पाणी खालून येते. मी छत्री घेऊन पश्चिमेच्या बाजूला स्टुलावर तासभर बसले आणि नुसती बघत राहिले. काकूंना ते विचित्र वाटले असणार. त्या दोनदा चहा घेऊन आल्या.

तासाभरात तीन गोष्टी दिसल्या.

पहिली: प्लायच्या पट्टीची वरची कड कौलांच्या बुडाशी संपत होती. कडेच्या कौलाची बाजू उघडीच राहिली होती. सिमेंटचा माल भरला होता, पण छप्पर लाकडाचे, ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. सिमेंटला तसे हलता येत नाही, त्यामुळे मालाला केसाएवढ्या चिरा पडल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला की तुषार त्या चिरांतून आणि कौलाखालून सरळ आत जात होते.

दुसरी: पट्टी पाचच इंच रुंद असल्यामुळे छपराच्या आडव्या तुळयांची टोके अर्धी उघडी पडली होती. छपराखाली आडव्या जाणाऱ्या तुळया भिंतीच्या बाहेर दीड फूट आलेल्या होत्या आणि त्यांची कापलेली तोंडे थेट पश्चिमेकडे बघत होती. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. अंगावरून पाणी ओघळून जाते, कापलेल्या तोंडातून मात्र ते शोषले जाते आणि नळ्यांच्या वाटेने आत सरकते. भिंतीपासून दीड-दोन फूट आत जो थेंब पडत होता तो कौलातून पडतच नव्हता. तो तुळईतून प्रवास करून येत होता.

तिसरी गोष्ट बघायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि मला सर्वांत जास्त शिकवून गेली तीच. पट्टीच्या अंगावरचे पाणी तिच्या खालच्या कडेला येत होते, पण तिथून पडत नव्हते. कड सरळ, गुळगुळीत आणि तिरपी. पाणी त्या कडेला चिकटून घसरगुंडीसारखे खाली खाली वाहत वळचणीच्या कोपऱ्याशी पोचत होते. चौदा फूट लांबीच्या पट्टीवरचे सगळे पाणी एकाच जागी, पट्टीच्या पायथ्याशी, गोळा होत होते. तिथे प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. पेचकस टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला.

मला माळ्यावर जायचे होते. जुने घर असेल तर काढलेले लाकूड कुणी टाकत नाही, ते माळ्यावर किंवा बंबाशेजारी सापडते. काकू म्हणाल्या, "दाते बंबात गेले गं बरेचसे." तरी माळ्यावर पाठीची एक फळी आणि तिला चिकटलेले नऊ दाते मिळाले. जुन्या सागाचे, काळपट तपकिरी, रंगाचे चार-पाच थर अंगावर. तेवढ्यावरून पुरी गोष्ट उलगडली.

जुनी झालर एका रुंद फळीतून कोरलेली नव्हती. पाठीला एक लांब फळी, छपराच्या उताराने गेलेली, आणि तिच्यावर चार-चार इंच रुंदीचे उभे दाते शेजारीशेजारी मारलेले. प्रत्येक दाता ओळंब्यात, म्हणजे सरळ खाली लोंबणारा. पाऊण इंच जाड, दहा इंच लांब, खालचे टोक पिंपळाच्या पानासारखे निमुळते, वर एक गोल भोक. दोन दात्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट. रेल्वेच्या जुन्या फलाटांच्या छपरांना अशी उभ्या फळ्यांची झालर वाचकांनी पाहिली असेल. ही तिचीच बहीण, फक्त तिरप्या कडेवर बसवलेली.

मी एक दाता पालथा केला. खालचे टोक सरळ कापलेले नव्हते. करवतीचा काप मागच्या बाजूला वर चढत गेला होता, त्यामुळे टोकाची पुढची धार सर्वांत खाली आणि पाठ वर. पाणी दात्यावरून ओघळून पुढच्या धारेशी येते, मागे वळायला त्याला वर चढावे लागले असते, म्हणून ते तिथेच थेंब होऊन सुटते. आढ्यापासून उतरणाऱ्या एका कडेवर छत्तीस दाते, म्हणजे थेंब सुटायच्या छत्तीस जागा. त्या कडेचे सगळे पाणी छत्तीस ठिकाणी वाटले जाते आणि पायथ्याशी काहीच गोळा होत नाही. ज्याने हा दाता कापला त्या सुताराने पिंपळपान शोभेसाठी काढले असेल, पण पाठीमागचा काप कुणाला दिसण्यासाठी काढलेला नव्हता.

इथे थोडे विषयांतर करते. छपराच्या या कडेवर जगभरातल्या सुतारांनी जीव ओतला आहे. इंग्लंडमध्ये मध्ययुगातल्या लाकडी घरांवर कोरीव बार्जबोर्ड होते. जपानमध्ये देवळांच्या आणि वाड्यांच्या त्रिकोणी माथ्यावर, जिथे दोन फळ्या मिळतात तिथे, गेग्यो नावाचा कोरीव लोलक टांगतात. त्या नावाचा अर्थ टांगलेला मासा. मासा पाण्यातला, म्हणून तो घराला आगीपासून राखतो अशी समजूत. तो लोलक आढ्याच्या तुळईचे कापलेले तोंडही झाकतो. माथेरानच्या सुतारापासून जपानच्या सुतारापर्यंत सगळ्यांना छळणारी जागा एकच, लाकडाचे उघडे तोंड. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर चालणाऱ्या बारीक करवती आल्या, जाळीदार झालर स्वस्त झाली आणि तिथून पुढे ती नुसती नक्षी म्हणून मोजली जाऊ लागली.

आता माझ्या चुकीकडे येते, कारण ती न सांगता पुढचे काम समजणार नाही. नमुना हातात असूनही मी आधी सोपा मार्ग धरला. नऊ इंच रुंदीच्या अखंड सागवानी फळीच्या खालच्या कडेलाच पिंपळपाने कापून काढू, म्हणजे दोन्ही कडांचे मिळून बहात्तर वेगळे दाते करायचे काम वाचेल, असा माझा विचार. मिस्त्री डोंगराच्या पायथ्याच्या नेरळचे, वडिलांपासून हेच काम. ते म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तर करतो, पण टोकं राहणार नाहीत." मी चार फुटांचा तुकडा करून घेतला. दिसायला सुरेख. मिस्त्रींनी तो माझ्यासमोर धरला आणि एका टोकाला अंगठ्याने दाबले. बिस्किट मोडावे तसे टोक हातात आले.

कारण सरळ आहे. फळीत लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात. फळी तिरपी लागणार, टोक खाली लोंबणार, म्हणजे टोकाच्या अरुंद भागात तंतू आडवे, आखूड, एकमेकांना जेमतेम धरून असलेले. वेगळ्या उभ्या दात्यात तंतू वरपासून टोकापर्यंत सलग जातात, तिथे टोक मोडायला हातोडा लागेल. माथेरानमध्ये तर हे आणखीच महत्त्वाचे, कारण इथे झालरीला माकडे लोंबकळतात. काकूंच्या जुन्या झालरीचे जे दाते गेले त्यांतले निम्मे तरी माकडांनी नेले असतील. उरलेले खिळ्यांनी नेले. लोखंडी खिळा ओल्या सागात गंजतो, गंजताना फुगतो, फुगला की दाता चिरतो. माळ्यावरच्या नऊ दात्यांपैकी पाचांना खिळ्याच्या भोकातून उभी चीर गेली होती.

मी माझा आराखडा बदलला. मिस्त्रींनी त्यावर एकही शब्द काढला नाही, दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा नमुना कापून घेऊन आले.

काम एप्रिलमध्ये धरले. माथेरानमध्ये मोटारी चालत नाहीत, सामान दस्तुरीला, म्हणजे गाड्यांच्या शेवटच्या थांब्यावर, उतरते आणि तिथून घोडा, हातगाडी किंवा माणसाचा खांदा. दाते नेरळला मिस्त्रींच्या पडवीत तयार झाले आणि गोणपाटात बांधून घोड्यावरून आले. पाठीच्या दोन फळ्या चौदा-चौदा फुटांच्या. घोड्यावर बसत नाहीत, हातगाडीवर वळणाला अडकतात. चार माणसांनी त्या खांद्यावरून आणल्या, तांबड्या धुळीतून. वाटेत भेटलेल्या एका पर्यटकाने विचारले, होडी बांधताय का. फळ्या दोन तुकड्यांत करून वर जोडता आल्या असत्या, पण तिरप्या फळीतला प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला आणखी एक दार, यावर मिस्त्री ठाम होते.

साग जुना घेतला, मुंबईत पाडलेल्या एका चाळीच्या वाशांतला. नवा साग स्वस्त पडला असता, पण त्यात पांढरे लाकूड फार असते आणि ते पावसात टिकत नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा होता. आधी प्लाय काढली. तुळयांची टोके ओलावा मोजायच्या यंत्राने तपासली. एप्रिलच्या उन्हातही दोन तुळयांत आकडा पंचवीस टक्क्यांच्या वर. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशीला घर मिळते. पंधरा दिवस कड उघडी ठेवली आणि सुकू दिली. मजुरांना तो रिकामा वेळ वाटला, काकूंनाही वाटला. मी हट्टाने थांबवले, कारण ओले टोक झाकले असते तर आम्ही कुजणेच आत कोंडले असते. एका तुळईचे टोक नऊ इंच कुजलेले निघाले. तेवढेच कापून, तिरपा सांधा करून, नवे टोक जोडले. उरलेल्या तोंडांना काजूच्या टरफलाचे तेल पाजले, तीन दिवस, जेवढे पितील तेवढे. कोकणात होड्यांच्या लाकडालाही हेच तेल लावतात.

मग पाठीची फळी. ती जुन्या जागी, म्हणजे कडेच्या कौलाच्या वर दोन बोटे चढवून बसवली, म्हणजे कौलाची उघडी बाजू फळीआड गेली. सिमेंटचा माल सगळा खरवडून काढला. फळीच्या माथ्यावर आणि कौलाच्या कडेवर मिळून एक उलट्या पन्हळीसारखी लाकडी पट्टी टाकली, पाणी कौलावर ढकलणारी. फळी आणि तुळयांची तोंडे यांच्यात अर्ध्या इंचाची ठोकळी ठेवून हवा खेळती राखली. जुन्या घरात ही फट नव्हती. ती आमची भर.

आढ्यापाशी, जिथे डावी आणि उजवी फळी मिळते, तो सांधा नेहमी उघडतो, कारण दोन्ही फळ्या आक्रसतात आणि सांधा दोन्हीकडून ओढला जातो. ठेकेदाराने तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती आणि ती पहिल्याच उन्हाळ्यात निघाली होती. पूर्वीच्या घरांवर त्या जागी एक उभा खुंट दिसतो, वर कळसासारखा, खाली लोलकासारखा. तो सांध्यावरचे झाकण असतो. आम्ही तीन इंची चौकोनी खुंट घेतला, दोन्ही फळ्यांची कुसे, म्हणजे खाचेत बसणारी कोरलेली टोके, त्यात बसवली, खालचे टोक खरादावर उतरवले. त्याचे वरचे तोंड आकाशाकडे उघडे राहणार होते, म्हणून पुण्याच्या तांबट आळीतून तांब्याची छोटी टोपी ठोकून आणली. पूर्ण कामात मला सर्वांत आवडलेली वस्तू ती टोपी आहे. जमिनीवरून ती रुपयाएवढी दिसते.

दाते शेवटी. प्रत्येकाला पितळी दोन स्क्रू, भोके आधी गिरमिटाने पाडून, म्हणजे लाकूड चिरणार नाही. दोन्ही स्क्रू एकाखाली एक, दात्याच्या मध्यरेषेवर. शेजारीशेजारी मारले असते तर दाता रुंदीत फुगताना मधोमध फाटला असता. मिस्त्री प्रत्येक दात्याला ओळंबा लावत होते. मी म्हटले, खालून कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, "पाण्याला कळतं."

रंगाबद्दल काकूंशी मतभेद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. त्यांना पूर्वीसारखा चकचकीत पांढरा तैलरंग हवा होता. थरावर थर चढलेला तैलरंग लाकडावर कातड्यासारखा ताणला जातो. एखादी चीर पडली की पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट राहत नाही. मी अळशीच्या तेलाचे तीन हात सुचवले, लाकूड दिसेल असे. शेवटी पाठ आणि सगळी कापलेली तोंडे तेलात आणि समोरची बाजू पातळ पांढऱ्या रंगात, एवढ्यावर तडजोड झाली. माझ्या मते समोरची बाजूही तेलातच ठेवायला हवी होती. पण घर त्यांचे आहे, आणि व्हरांड्यात बसल्यावर हिरव्या झाडीपुढे पांढरी झालर दिसावी या इच्छेत चूक काही नाही. त्या घरात सून म्हणून आल्या त्या दिवसापासून त्यांनी ती तशीच पाहिली होती.

पुढच्या जुलैत मी पुन्हा त्याच स्टुलावर बसले. वारा तसाच, तुषार तसेच. बहात्तर टोकांवरून थेंब सुटत होते, प्रत्येक टोक आपापल्या वेळेने, आणि पायथ्याचा कोपरा केवळ शिंतोड्यांनी ओला होता. आत खोलीत तुळयांचा आकडा अठराच्या आत. एका तुळईचा बावीस निघाला. ती जोड दिलेली तुळई होती. तिच्या तोंडाशी फळीमागे ठोकळी निसटून फट बुजली होती. मिस्त्रींनी शिडी लावून ती पुन्हा बसवली, महिनाभराने आकडा उतरला. पातेले स्वयंपाकघरात परत गेले.

त्या पावसाळ्यात माकडांनी तीन दाते हलवले, मोडला एकही नाही. जिथे दोन स्क्रूंपैकी वरचा जेमतेम धरला होता तेच तिन्ही हलले. आता तिथे लांब स्क्रू आहेत.

पूर्वेच्या बाजूची झालर अजून जुनीच आहे. तिथे वाऱ्याचा मारा कमी, दाते छत्तीसपैकी एका बाजूला एकतीस, दुसऱ्या बाजूला चौतीस शिल्लक. ती उतरवून दोन्हीकडे सारखे करून घ्यावे असे घरातल्या तरुण मंडळींचे म्हणणे होते. मी नको म्हटले. तुटलेल्या सात जागी नवे दाते बसवले, चिरलेल्यांना पाठीमागून पट्टी दिली, गंजके खिळे एकेक करून काढले. नवे सात दाते जुन्यांच्या रांगेत ओळखू येतात, त्यांचा पांढरा जरा जास्त पांढरा आहे.

उरलेले बारा दाते मिस्त्रींनी तेल पाजून सुतळीने बांधले आणि माळ्यावर ठेवले. पुठ्ठ्याचा नमुनाही त्याच जुडीत आहे, त्यावर पेन्सिलीने स्क्रूच्या दोन जागा आणि मागच्या कापाची रेघ काढलेली.